माती नेजो, गोष्ट नको नेजो

आत्या, तुझा जलदान विधी झाला. सगळी वस्ती आली होती. भंतेजींनी वंदना घेतली, आणि मग आपल्याकडे असतं तसं एकेकानं उठून तुझ्याबद्दल दोन शब्द सांगितले. कष्टाळू होती. भावाची लेकरं पोटच्या लेकरांसारखी वाढवली. कोणाच्या दारात हात पसरला नाही. सगळं खरं आहे. मग मागून कोणीतरी म्हणालं, "नातीले बोलू द्या, कॉलेजात हाये ते." मी उभी राहिले, "आत्या" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. आईला वाटलं मला रडू आलं. रडू आलं नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते सांगू नको असं तूच म्हणाली होतीस, आणि दुसरं काही मला सुचेना.

म्हणून लिहिते आहे. असं कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठं चुकेल ते माहीत नाही.

तू बाबांची आत्या. लग्न मोडून माहेरी आलीस ती कायमची, आणि बाबा म्हणतात म्हणून घरातले सगळेच तुला आत्या म्हणायला लागले. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली, म्हणून तू मला मास्तरीण म्हणायचीस. आता घरात मला त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. आणि तू गेल्याबरोबर बाबांनी जे विचारलं, त्याचं उत्तर मला द्यायचं होतं. ते म्हणाले, "आत्या होती तोवर हात नाई लावला. आता यंदा तो तुकडा नांगरून टाकू का?"

तो तुकडा म्हणजे आपल्या शेताचा नाल्याकडचा कोपरा. दरवर्षी पऱ्हाटीची ओळ तिथपर्यंत येते आणि थांबते. पुढं बाभूळ, आणि बाभळीखाली कमरेएवढं तरोट्याचं तण. मी लहान असताना तुला विचारलं होतं, "आत्या, तिथं काऊन नाई पेरत?" तू वेचलेल्या कापसाची ओटी सावरत म्हणालीस, "गोटे हायेत तिथं." माझा विश्वास बसला. काळ्या जमिनीत तेवढ्याच एका कोपऱ्यात गोटे कुठून येतील, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

खरं कळलं ते वांग्यांमुळे. आपल्या अंगणात नुसता मुरूम. तू दरवर्षी वांगी लावायचीस आणि दरवर्षी ती पिवळी पडून वितभर उंचीवर थांबायची. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाबांनी घमेल्यानं कुठूनतरी काळी माती आणून तुझ्या वाफ्यात टाकली. हिवाळ्यात झाडं अशी उठली की तू येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवायचीस. शेजारच्या काकूला पदरात वांगी टाकून म्हणायचीस, "घे वं. बजारातले नाई, माह्या हातचे हायेत." काकू म्हणाली, "बुढे, हात तं तोच हाये, मंग मांगल्या साली काय झालतं त्याले?" तू म्हणालीस, "मांगल्या साली तुही नजर होती."

कॉलेजात तेव्हाच आमचं मातीचं रसायनशास्त्र सुरू झालं होतं. डोक्यात सारखं तेच. जेवताना मी बाबांना विचारलं, "बाबा, ही माती कुठची आणली?"

"तिकडची. तुकड्यातली."

तुझ्या हातात घास होता. भाजी वांग्याचीच होती. तू घास ताटात ठेवलास, त्याच ताटात हात धुतलास आणि बाहेर गेलीस. आम्ही मागोमाग आलो तोवर तू निम्मी झाडं उपटली होतीस. आई ओरडली, "आत्याबाई, अवं फुलं हायेत त्याले!" तू मान वर केली नाहीस. बाबा दारातूनच म्हणाले, "आता त्याच्यात काय हाये वो आत्या? मातीच तं हाये."

"तुले मातीच दिसन," तू म्हणालीस. "तू पाह्यलं नाई."

सगळी झाडं उपटून झाल्यावर तू वाफ्यातली माती फावड्यानं काढलीस आणि बाबांकडून ती परत तिथंच टाकून घेतलीस. बाबा कुरकुरत गेले. पण गेले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर तुरी पाखडत बसलीस आणि मी न विचारताच सांगायला लागलीस. गावातले जुने लोक त्या जागेला हाडोळा म्हणत. गावात कोणाचं ढोर मेलं की निरोप आपल्या वस्तीत यायचा. तुझे वडील आणि चुलते हातातलं काम टाकून जायचे, दोर बांधून ढोर तिथवर ओढत न्यायचे, कातडं सोडवायचे. बाकी सगळं तिथंच. कुत्री, गिधाडं, ऊन, पाऊस. मग हाडं वाळली की तुझी आई टोपली घेऊन वेचायला जायची आणि तुला बरोबर न्यायची. हाडाचा ठेकेदार बैलबंडी घेऊन यायचा, आणि ती हाडं हिंगणघाटच्या स्टेशनावर वॅगनीत भरली जायची. पुढं कुठं, ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

"टोपलीचा वास केसातून जाये नाई," तू म्हणालीस. "मायनं शिकेकाई लावून धुतलं तरी. शाळेत पोट्ट्या नाक दाबत. मी मंग शाळेतच गेली नाई."

मग धम्मदीक्षेच्या वर्षी तुझ्या वडिलांनी दोर त्या कोपऱ्यात नेऊन टाकला आणि म्हणाले, आता मेलेल्या ढोराला हात लावणार नाही. गावानं वस्तीचं काम बंद केलं, धान्य बंद केलं. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही तरोट्याची भाजी उकडून खाल्लीत. गावाची ढोरं मरतच होती, ती जिथल्या तिथं सडली. तू सूप खाली ठेवून हसलीस. "वास मंग सगळ्यायले सारखाच आला, मास्तरीण."

पुढं तो तुकडा आणि त्याला लागलेली वतनाची जमीन आपल्याच नावावर राहिली. जमीन तुम्ही वाहिली. तुकडा सोडला.

मी ऐकत होते, आणि मला लाज वाटते सांगायला, पण ऐकता ऐकता माझ्या डोक्यात पुस्तक उघडत होतं. ते मी तुला तेव्हाच सांगून टाकलं. की आत्या, नत्र हवेतून येतं, आपल्या तुरीच्या मुळांच्या गाठींत अडकतं, आणि काही वर्षांत परत हवेत निघून जातं. कर्बाचंही तसंच, पानात येतो, धुरातून, श्वासातून जातो. पण स्फुरदाला हवेचा रस्ता नाही. ते खडकातून मातीत येतं, मातीतून कडब्यात, कडब्यातून ढोराच्या हाडात, आणि ढोर जिथं पडेल तिथं परत मातीत. आपल्या काळ्या मातीत चुना असतो, तो त्याला धरून ठेवतो. सगळ्या शिवारात चरून ढोरांनी जे गोळा केलं, ते या एका कोपऱ्यात येऊन पडलं. मोठी हाडं रेल्वेनं गेली, कोणाच्या तरी उसाला, कोणाच्या तरी द्राक्षांना खत झाली असतील. बारीक चुरा इथंच राहिला. आणि आता बाबा दरवर्षी दुकानातून गोणी आणतात, त्यातलं स्फुरद परदेशातल्या खडकातून येतं. गावाचं गेलं ते गेलंच.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हंजे ते अजून तिथंच हाये."

"हो."

"अन् मी वांग्यातून खाल्लं."

मी तुरीतले खडे निवडायला लागले.

माझ्या प्रकल्पासाठी शेताशेतांतली माती गोळा करायची होती. मी तुला विचारलं, तिथली थोडी नेऊ का. तू सूप पुन्हा उचललंस. मग म्हणालीस, "माती नेजो. गोष्ट नको नेजो."

मी माती नेली. प्रयोगशाळेत तपासली तर त्या एका नमुन्यातलं स्फुरद बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट निघालं. सर कागद बघून म्हणाले, "उकिरड्यातली आली असेल, किंवा तुझे डबे बदलले असतील. कारण सांगता येत असेल तर ठेव, नाहीतर वगळ." मला कारण माहीत होतं. मी "बघते सर" म्हणून घरी आले आणि तुझ्याशी भांडले. ते आपलं खरं भांडण. तू चुलीत तुराटी सारत होतीस आणि मी दारात उभी होते.

"आत्या, मी सांगितलं नाही तर ती चूक ठरेल."

"ठरू दे."

"पण चूक नाहीये ती. तुम्ही केलंय ते. तुमच्या हातचं आहे."

"माह्या हातचं मी टाकून देल्लं. माह्या बानं टाकलं. तू काऊन उचलून राह्यली?"

"उचलत नाही गं. आहे, एवढंच सांगते."

"हाये ते मातीले मालूम हाये. कॉलेजाले काय करा लागते?" तू फुंकणी खाली ठेवलीस. धुरानं तुझे डोळे लाल झाले होते. "तिथं तुले काय म्हणत असन? हुशार पोट्टी. ते आयकल्यावर काय म्हणन?"

मी म्हणाले, आता तसं राहिलं नाही. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी चुलीकडे बघायला लागले. शेवटी तूच जरा नरमलीस. "पाहू. वेचणी होऊ दे पह्यले."

वेचणी झाली. तोवर तू अंथरूण धरलं होतंस. भांडण तिथंच राहिलं.

दवाखान्यात दुपारी मी तुझ्याजवळ बसायची. बाहेर ऊन, आत पंखा नुसता फिरायचा. एकदा तू डोळे मिटूनच विचारलंस, "मेल्यावर काय होते गं मास्तरीण?" मला वाटलं तुला विहारातलं काही ऐकायचं आहे. मी चाचरत काहीतरी सांगायला लागले तर तू म्हणालीस, "ते नाई. तुह्या पुस्तकातलं सांग. जाळल्यावर."

मी सांगितलं. पाणी वाफ होऊन जातं. नत्र जातं, कर्ब जातो, धुरातून हवेत मिसळतो, पुढं कुठल्याही झाडाच्या पानात जातो.

"अन् हाडातलं?"

"ते राखेत राहतं, आत्या."

तू डोळे उघडलेस. मग तोंडाचा एक कोपरा वर गेला, तू चेष्टा करताना जायचा तसा. "म्हंजे सुटका नाई."

मी तेव्हा खोटं बोलायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही. सगळं जातं आत्या, काही राहत नाही, असं म्हटलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास. माझ्याकडे तेवढंच एक खरं होतं आणि तू ते विचारलंस. आपल्या घरात कोणी मला अभ्यासातलं पहिल्यांदा विचारलं ते तू, आणि ते असं.

राख सावडायला बायका जात नाहीत. मी गेले. बाबांनी अडवलं नाही. गरम राखेवर पाणी मारलं होतं, आणि बाबा नि काका वाकून हाडं वेचून मडक्यात टाकत होते. पांढरी, हलकी, बोटात चुरणारी. मी उभी होते आणि मला तुझी आई दिसत होती, टोपली घेऊन वाकलेली, आणि शेजारी तू. मला वाटलं, नको. तुझ्याच बाबतीत हे नको. मग वाटलं, परक्याच्या हातांपेक्षा माझे बरे. मी खाली बसले आणि वेचायला लागले. वास कसला नव्हता, आत्या. नुसती राख. घरी येऊन मी तरीही केस धुतले.

बाबा म्हणाले, थोडी राख शेतात टाकू, निंबाचं झाड लावू, आत्याची आठवण राहील. वस्तीत आता बरेच जण तसं करतात, आणि ते चांगलंच आहे. पण मी नाही म्हणाले. मी म्हणाले, सगळी नदीत. बाबा चिडले. "तूच तं म्हणतं ना, नदीत काही टाकू नये?" म्हणते मी तसं. तरी ऐकले त्यांनी.

वणा नदीला पाणी नव्हतंच म्हणा. खडकांमधून हिरवट धार. आम्ही मडकं ओतलं तर राख वाहिली नाही, गाळावर बसली आणि तिथंच राहिली. मला फार वाईट वाटलं. मी मनात तुला समजावत होते, की पावसाळा येऊ दे. वणेचं पाणी वर्धेत जातं, वर्धा पुढं वैनगंगेला मिळते, मग गोदावरी, मग समुद्र. समुद्राच्या तळाशी बसलेलं स्फुरद परत जमिनीवर यायला तळच वर उचलला जावा लागतो, त्याला माणसाच्या मोजणीत न बसणारा काळ लागतो. आमच्या पुस्तकात याला हानी म्हटलं आहे, जमिनीची हानी. परीक्षेत मीही तेच लिहीन. पण तू सुटका म्हणाली होतीस, आणि मला तुझ्यासाठी दुसरा रस्ता माहीत नव्हता. आपल्या शिवारात परत फिरून न येण्याचा एवढा एकच रस्ता आहे, आणि तोही पाऊस पडला तर.

त्यानंतर कॉलेजात प्रकल्प मांडायचा दिवस आला. त्या नमुन्यापाशी आल्यावर सरांनी विचारलं, "हा ठेवलास? कारण?"

आत्या, मी गोष्ट नेली. तुला न जुमानता नेली. म्हणाले, "सर, चूक नाही. त्या जागेवर गावाची मेलेली ढोरं टाकत. माझ्या घरचे लोक ओढून नेत. माझी आत्या तिथं हाडं वेचायची. मग त्यांनी ते सोडलं, म्हणून ती जागा कोणी वाहिली नाही, म्हणून ते तिथंच आहे." वडनेरकडचा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "मंग तुमच्या वावराले खत लागत नसन!" दोघेतिघे हसले. बाकीचे हसले नाहीत, पण माझ्याकडे बघायचं टाळू लागले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तू म्हणाली होतीस तसंच झालं, हे कबूल करायला हवं. माझी मैत्रीण जेवताना रोज माझ्या डब्यातलं खाते. त्या दिवशी मी डबा तिच्यापुढं सरकवला. तिनं खाल्लं. मी तिच्या हाताकडेच बघत होते.

सरांनी नमुना ठेवला. म्हणाले, कारण उत्तम आहे, आता शिफारस लिही, की ही माती काढून बाकीच्या शेतात पसरावी. शास्त्राप्रमाणे तेच बरोबर आहे. मी म्हणाले, "नाही लिहिणार सर. ती तिथंच राहू द्यायची." सर रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "वाया घालवायची?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, हे अशास्त्रीय आहे. मी त्यालाही हो म्हणाले.

आणि आज सकाळी ट्रॅक्टर आला. शेत सगळं मोकळं, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या. अल्लीपूरचा ट्रॅक्टरवाला नवा माणूस, त्याला काही माहीत नाही. तास घेत घेत तो नाल्याकडं आला आणि बाभळीपाशी येऊन थांबला. तरोटा वाळून खुळखुळत होता.

"काका, हा कोपरा घेऊ का? माती तं लय झकास दिसून राह्यली!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पेरायच्या बाजूचे आहेत, मला माहीत आहे. त्यांना दोन जास्तीच्या ओळी दिसतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. "सांग बाप्पा तूच," ते म्हणाले. "तू शिकली."

वर्गात मी सगळं खरं सांगितलं होतं. इथं त्या माणसापुढं, चालू इंजिनाच्या आवाजात, माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतं. आवाजही माझा नव्हता बहुतेक.

"घेऊ नका दादा," मी म्हणाले. "गोटे हायेत तिथं."

त्यानं ट्रॅक्टर वळवला.